काच निवेपर्यंत

स्वयंपाकघरात आवाज झाला तेव्हा यशवंतच्या गालावर निम्मा साबण होता. उभी हयात ट्रकच्या स्टिअरिंगमागं काढलेला माणूस. त्याला वाटलं टायर फुटला, आणि त्यानं न्हाणीघराच्या फरशीवर उजवा पाय दाबून ब्रेकसुद्धा मारला. घर चालत नव्हतं, पण थांबलं मात्र खरं. खालच्या मजल्यावरच्या कुकरनं अर्धी शिट्टी गिळली, समोरच्या फ्लॅटमधला ठार बहिरा म्हातारा 'आलो, आलो' करत दार उघडून उभा राहिला, आणि गच्चीवरनं उडालेली कबुतरं जी गेली ती म्हणे थेट विजापूरच्या हद्दीत जाऊन बसली. जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीत ही हकिकत पुढं याच तपशिलांनिशी सांगितली जायची आणि यशवंतनं त्यातलं एकही कबूतर कधी कमी केलं नाही. तो निम्म्या साबणानिशी धावला. ओट्यासमोर मुक्ताबाई उभी होती, हातात ओलं फडकं. तिच्यापुढं शेगडी होती, पण शेगडीला अंग नव्हतं. ज्या काळ्या काचेत मघापर्यंत छताचा पंखा फिरताना दिसत होता ती काच नाहीशी झाली होती. बर्नर सांगाड्यावर उघडेवाघडे लोंबत होते आणि ओट्यावर, फरशीवर, पिठाच्या परातीत, भाकरीच्या दुरडीत, कुणी पोतंभर खडीसाखर उधळावी तसे काचेचे काळे खडे पसरले होते. सून दीक्षा त्याच्या आधी पोचली होती. तिनं आधी ओट्याखाली हात घालून सिलिंडरचं बटण फिरवलं, खिडकी उघडली, मग स्वतःच्या चपला काढून सासूच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाली, "आत्या, जागचं हलू नका. आधी पाय घाला." मुक्ताबाईनं पाय घातले. तिला कुठं खरचटलंही नव्हतं. ती त्या खड्यांकडं बघत राहिली आणि मग कुणाला म्हणून नाही, अशीच म्हणाली, "मी तिला पाणी पाजलं."

पोरांना वाटलं, म्हातारी घाबरून काहीतरी बोलतेय. यशवंतला मात्र कळलं, आणि कळल्याबरोबर गालावरचा साबण गार लागला. हे पाणी पाजणं त्याच्या आईचं होतं. शेवटची भाकरी उतरली की त्याची आई पोतेरं, म्हणजे चूल सारवायचं फडकं, पाण्यात बुडवून रसरशीत चुलीवरनं फिरवायची. चर्र आवाज व्हायचा, वाफेचा एक लोट आढ्याला जाऊन भिडायचा आणि ओल्या मातीचा असा वास सुटायचा की वाटेनं जाणारा माणूस उगाच आत डोकावून जायचा. बाकीच्या बायका चूल निवल्यावर सारवायच्या. ही तापलेलीच सारवायची. तिचं म्हणणं, चूल आपल्यापायी जळलेली असते, तिला तहानलेली ठेवून उठू नये. ठेवली तर ती रात्री स्वप्नात येऊन तांब्या मागते. नव्या सुनेला, मुक्ताबाईला, तिनं जे पहिलं काम शिकवलं ते हेच. आणि मुक्ताबाईनं ते असं उचललं की पुढं चूल गेली, भुशाची शेगडी आली, ती गेली आणि पंप मारायचा रॉकेलचा स्टो आला, तो गेला आणि पत्र्याची गॅसशेगडी आली, पण शेवटच्या भाकरीनंतरचा तो घोटभर पाण्याचा मान कुणाचा चुकला नाही. माती प्याली, लोखंड प्यालं, पितळ प्यालं. पत्र्याची शेगडी तर चर्र करून वर ठुमकायची, जणू आणखी दे म्हणतेय. काचेलाही तिनं रोज पाजलं, हातानं पिळलेल्या फडक्यानं, जरा बेतानंच. रोज सकाळी आतल्या खोलीत पोरांना ते चर्र ऐकू यायचं आणि त्यांना वाटायचं फोडणी पडली. काच मुकाट्यानं पीत राहिली. त्या दिवशी मात्र तिचं पोट भरलं असावं.

खरं तर या काचेवर घरात जीव कुणाचा असेल तर मुक्ताबाईचाच होता. रत्नदीपनं फ्लॅट घेतला, आईबापाला जुन्या वस्तीतल्या घरातनं इथं आणलं, आणि ओट्यावर ही चकचकीत शेगडी बघून यशवंत दोन पावलं मागं सरला होता. काचेवर विस्तव म्हणजे आरशावर बैल नाचवण्यासारखं त्याला वाटलं. मुक्ताबाई मात्र पुढं झाली होती आणि तिनं काचेवर बोटाची पेरं अलगद टेकवली होती, जशी बाळंतिणीच्या खोलीत गेलेली बाई तान्ह्याच्या टाळूला टेकवते. ती त्या वेळी जे बोलली ते यशवंतच्या मनात रुतून बसलं. ती म्हणाली, आजपतुर जे काळं दिसलं ते घासत आले, भांड्याचं बूड घासलं, भिंत घासली, हात घासले. हे पहिलं काळं की जे काळं हाय म्हणून स्वच्छ हाय. दीक्षानं एकदाच सांगितलं होतं की हिला राख नको, तारेची घासणी नको, ओरखडा पडला की काच तिथंच कमजोर होते. त्यानंतर मुक्ताबाईनं यशवंतचं जुनं धोतर फाडून त्याची मऊ फडकी केली होती, आणि काचेवरनं भांडं कुणी सरकवलेलं तिला खपायचं नाही. उचलून ठेवायचं, सरकवायचं नाही, ती वस्तू आहे, घसरगुंडी नाही. एवढं सगळं सांभाळणारी बाई, आणि काच फुटली कशानं, तर मायेनं.

बसू नावाचा मिस्त्री येऊन नवी काच बसवून गेला. त्यानं जाता जाता शेगडीचे चारी पाय सारखे टेकतात का ते बघितलं, बर्नरच्या टोप्या नीट बसवल्या, चहा घेतला आणि गेला. शेगडी पुन्हा होती तशी झाली, पंखा पुन्हा तिच्यात फिरू लागला. पण मुक्ताबाई काही ओट्याकडं वळेना. पाणी प्यायला गेली तरी भिंतीच्या कडेकडेनं जायची, जसं कुत्रं चावलेल्या घरावरनं माणूस जातं तसं. दीक्षा रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. दिवसभर काचेच्या नळ्यांशीच तिचा संसार. तिनं एका संध्याकाळी सासूला जवळ बसवून समजावलं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तिचं वरचं अंग आकसतं, आतलं अंग तसंच फुगलेलं राहतं, दोघांची ओढाताण लागते आणि काच मधल्या मध्ये फुटते. आज नाही फुटली तर उद्या फुटते, म्हणून रोज जमलं ते त्या दिवशी बिनसलं. ही काच पुन्हा बरी, फुटली की खडे होतात, सुऱ्या होत नाहीत. मुक्ताबाईनं सगळं ऐकून घेतलं. वर म्हणाली, व्हय की, ही गार अन् ती गरम अशा दोघींच्या मधी सापडल्यावर काय ऱ्हातंय, घरात बी तसंच असतंय. दीक्षा हसली. तिनं सासूचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आत्या, तुमची चूक नाही की. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." त्यावर मुक्ताबाईनं हात अलगद सोडवून घेतला आणि यशवंतला कळलं की हे बरं झालं नाही. चूक असती तर ती भांडली असती, रागावली असती, दुसऱ्या दिवशी पदर खोचून उभी राहिली असती. चूक नाही, नुसता काळ बदलला, याच्याशी कसं भांडायचं?

मग टेंभुर्णीचा विषय निघाला. तिचा भाऊ बिभीषण तिथं राहायचा, महामार्गाला लागून घर, परसात अजून चूल. फोनवर जय भीम झाल्या झाल्या तो म्हणाला की अक्का, ये की, जळण लई हाय, चूल तुझी वाटच बघतीय. किती दिवस म्हणून मुक्ताबाईनं त्याला सांगितलं नाही, आणि यशवंतनं विचारलं तेव्हा त्यालाही सांगितलं नाही. "जिला पाणी पाजलं तरी फुटती," ती एवढंच म्हणाली, "तिच्यापुढं मी आता ह्या वयात कसं उभं ऱ्हावं? माझं हात तिला नगं झालं." यशवंतला वाटलं होतं, माहेरची हौस असेल, चार दिवसांनी येईल. पण तिनं पिशवीत लोखंडी तवा भरला. लुगडी भरायच्या आधी तवा भरला. ते बघून त्याचा जीव टांगणीला लागला. बाई लुगडी घेऊन जाते तेव्हा परत येते. तवा घेऊन जाणारी बाई राहायला जाते.

घरात भाकरी येतच होती. सोलापुरात भाकरीला काय तोटा. कोपऱ्यावरच्या बायकांच्या केंद्रातनं दीक्षा येताना कडक भाकऱ्यांची चळत घेऊन यायची. भाकऱ्या चांगल्या होत्या, पातळ, खमंग, पापडासारख्या मोडणाऱ्या, आणि सगळ्या एकीसारखी एक. यशवंत त्या खायचा आणि त्याला त्यातल्या एकीचीही ओळख पटायची नाही. खाताना त्याचे कान मात्र स्वयंपाकघराकडं लागलेले असायचे. थापण्याचा आवाज नव्हता. त्या आवाजावर तो किती वर्षं जागा झाला असेल. परातीवर हात पडायचा तो असा ठेक्यात की गाडी सुरू करून तो इंजिनाचा ठोका त्याच्याशी जुळवून बघायचा, आणि जुळला नाही तर गाडी गॅरेजला न्यायचा, बायकोला नव्हे. सोलापूरची चादर आणि टॉवेल लादून तो हुबळीला जायचा, नांदेडला जायचा, कधी पार दक्षिणेत उतरायचा, आणि क्लीनरच्या पायाशी फडक्यात बांधलेली तिची कडक भाकरी असायची. तिची कडक भाकरी आठवडाभर टिकायची. यशवंत सांगायचा महिनाभर. एकदा तर घाटात स्टेपनी पंक्चर निघाली तेव्हा गुंडा नावाच्या क्लीनरनं फडकं सोडून एक भाकरी वर धरली आणि विचारलं की ड्रायव्हरसाहेब, हिलाच बसवू का. आणि ती इतकी गोल, इतकी सारख्या जाडीची होती की यशवंतनं, हसायच्या आधी, खरोखर क्षणभर विचार केला होता. मुलुखभरच्या ढाब्यांवर त्यानं त्या भाकरीची कीर्ती पसरवली. पण आता, त्या मुक्या स्वयंपाकघराकडं कान लावून बसलेला असताना, त्याला एक चमत्कारिक गोष्ट उमगत गेली आणि तो अस्वस्थ झाला. तिची भाकरी त्यानं चघळली, मिरवली, परगावी नेली. पण ती करताना त्यानं कधी पाहिली नव्हती. त्याचं तोंड कायम रस्त्याकडं. घरी असला की पाठ करून झोपलेला. मुक्ताबाईचे हात कसे आहेत, असं कुणी विचारलं असतं तर त्यानं बांगड्यांचा रंगही सांगितला नसता. आणि हाच माणूस रात्री समोरच्या गाडीच्या नुसत्या दिव्यांवरनं ड्रायव्हरचं गाव सांगायचा.

जायच्या आदल्या दुपारी ती गॅलरीत शेंगा सोलत बसली होती. ऊन असं पडलं होतं की समोरच्या रस्त्यावर डांबर मऊ होऊन एका मोटारसायकलचं स्टँड त्यात रुतलं होतं आणि मालक ती गाडी उपटत होता. यशवंत तिच्यापुढं खुर्ची ओढून बसला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. राहा म्हणावं, तर उभ्या जन्मात त्यानं तिला राहा असं म्हटलं नव्हतं. जायचा तो, राहायची ती. म्हणून त्यानं गाडीचं बोलायला घेतलं. मैंदर्गीच्या वाटेवर असंच ऊन होतं, त्यानं सांगितलं, आणि गाडी तापली. रेडिएटर असा उकळत होता की वरनं जाणाऱ्या घारीनं पंख आखडते घेतले. गुंडा क्लीनर वयानं थोरला, मनानं लई मऊ. गाडी तहानली म्हणाला, आणि विहिरीवरनं गार पाण्याची घागर आणून त्यानं ती धडाधडा तापल्या इंजिनावर ओतली. मायेनं ओतली. इंजिनाचं हेड या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलं. बिडाचं, ओतीव लोखंडाचं गं, काचेचं नव्हं. चांगलं मनगटाएवढं बीड. गुंडा त्या दिवशी रडला होता, मी पाणी पाजलं अन् ती मेली म्हणून.

शेंगा सोलणारी बोटं थांबली.

"मग?" मुक्ताबाईनं विचारलं. "त्यानं गाडी सोडली?"

"गुंडानं? छ्या. पुढं बी माझ्याच गाडीवर होता की. फकस्त एक शिकला. गाडी तापली की झाडाखाली उभी करायची अन् हात लावायचा न्हाय. पाणी द्यायचंच, पर ती निवल्यावर."

"अन् निवंस्तोवर काय करत होता तुमी?"

यशवंतला या प्रश्नाचं नवल वाटलं. "काय करणार? बसायचो सावलीत. तू बांधून दिलेली भाकरी खायचो."

"म्हंजे इंजन निवंस्तोवर डायवर जेवायचा."

"व्हय."

"बरं हाय की डायवरचं," मुक्ताबाई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. यशवंतला वाटलं, गोष्ट वाया गेली. त्यानं रात्री कूस बदलून बदलून मैंदर्गीची गाडी पुन्हा सांगून बघितली, मनातल्या मनात, आणखी एक-दोन घारी घालून. पण तिच्यात टेंभुर्णीची गाडी अडवण्याइतका दम काही येईना.

दुसऱ्या दिवशी रत्नदीप आणि दीक्षा कामावर गेली. दुपारनंतर रत्नदीप येऊन आईला स्टँडवर सोडणार होता. पिशवी दाराशी होती. यशवंत पेपर उघडून बसला होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. मुक्ताबाई उठली, पिशवीतनं तवा काढला. म्हणाली, तुमच्यापुरत्या भाकऱ्या टाकून जाते, चार दिवस विकतचं खाऊन तोंड कसं झालंय बघा आरशात. ती आत गेली. यशवंत पेपरची घडी न घालताच उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं, हितं काय हाय, अशा नजरेनं, पण हाकललं नाही. ओट्यापुढं ती काही वेळ नुसतीच उभी होती. काचेत तिची सावली होती, डोक्यावरचा पदर, मागं फिरणारा पंखा, आणि दारातला तो. मग तिनं हात पदराला कोरडे पुसले. आधी कोरडे पुसले, तेव्हा यशवंतच्या लक्षात आलं की दीक्षा त्या संध्याकाळी जे सांगत होती ते या बाईनं कडेकडेनं फिरताना एकूण एक मनात साठवलं होतं. तिनं काचेवरनं सुकं फडकं फिरवलं, उजेडाकडं तिरकं बघून तडा-ओरखडा नाही ना ते पाहिलं. बर्नरच्या टोप्या चिमटीनं हलवून बघितल्या; एक जराशी कलती होती ती बसवली. पाण्याची वाटी, जी जन्मभर शेगडीला खेटून उजव्या हाताशी असायची, ती तिनं उचलून परातीच्या पलीकडं डावीकडं ठेवली, म्हणजे हातातलं पाणी काचेवरनं ओघळत यायला नको. मग काडी. आणि वाकून ज्वाळा बघितली, निळी आहे, सगळीकडनं सारखी आहे, काचेकडं झुकत नाही. नमस्कार-बिमस्कार काही नाही, पण विहारात वंदनेला वाकणारी माणसं यशवंतनं पाहिली होती. तीही इतकं मनापासून वाकत नसतील.

आणि मग त्यानं ते पाहिलं, जे त्याच्या घरात इतकी वर्षं रोज घडत होतं. आधणाचं पाणी पिठात पडलं आणि तिची बोटं त्या चटक्यात अशी शिरली जणू तिथंच राहत होती. मळताना खांद्यापासनं जोर यायचा, लाटेसारखा, आणि मनगटाशी येऊन मऊ व्हायचा. गोळा हातात फिरला. परातीवर पडला. थाप, थाप, आणि प्रत्येक थापेला गोळा एक नखभर फिरायचा. ती तो फिरवत नव्हती, तो आपणहून फिरत होता, पृथ्वी फिरते तसा, कुणाचा हात दिसत नाही. भाकरी वाढत गेली, कडेला कुठं चीर नाही, आणि मग दोन्ही तळव्यांवर उचलून तिनं ती तव्यावर अशी सोडली की पीठ उडालं नाही. पाण्याचा हात फिरवताना तिनं बोटं आधी वाटीच्या काठावर निथळली. एकही थेंब खाली पडला नाही. पूर्वी ती भाकरी उलटली की तवा उतरवून बाजूला टेकवायची आणि त्याच जाळावर भाकरी शेकायची. या काचेवरही आतापर्यंत तेच करत आली होती, रसरशीत लोखंड थेट काचेवर. आज तिनं तवा जागचा हलवला नाही. शेजारचा बर्नर पेटवला आणि भाकरी त्याच्यावर धरली, आणि भाकरी फुगली. कशी फुगली ते यशवंतनं पुढं नाना प्रकारे सांगितलं, तिच्यात हवा इतकी होती की खिडकी उघडी असती तर कबुतरांच्या मागनं विजापूरला गेली असती वगैरे. पण ते सगळं नंतरचं. दारूच्या दुकानावरनं सरळ घरी आलेल्या माणसासारखा तो त्या क्षणी चौकटीला धरून उभा होता. त्याला एवढंच वाटत होतं की आपण घाट उतरलो, पूल ओलांडले, भरल्या नदीच्या काठानं गाडी काढली, आणि लोक आपल्याला ड्रायव्हर म्हणत होते; खरं चालवणारं माणूस घरी होतं.

शेवटची भाकरी दुरडीत पडली. तिनं दोन्ही बटणं बंद केली, वाकून खालचं सिलिंडरचं बटण फिरवलं. आणि तिचा उजवा हात गेला. तो आपणहून गेला, वाटीकडं, वाटीशेजारच्या फडक्याकडं. फडकं पाण्यात बुडलं, पिळलं गेलं, वर आलं. काच तापलेली होती, तिच्यावरची हवा थरथरताना दिसत होती. यशवंतच्या तोंडाशी हाक आली आणि त्यानं ती गिळली. हाक मारली असती तर फडकं थांबलं असतं, पण तिला थांबवणारा तो झाला असता. हात काचेच्या वर तसाच राहिला. फडक्याच्या टोकाशी एक थेंब जमत होता. मुक्ताबाईनं दुसऱ्या हाताची ओंजळ त्याच्याखाली धरली, थेंब ओंजळीत घेतला आणि फडकं मागं नेऊन मोरीच्या नळावर टाकलं.

मग ती वळली, आणि तिला काही करायला नव्हतं. यशवंतनं हेही पहिल्यांदा पाहिलं. तिचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि ते तिचे वाटत नव्हते. जन्मभर शेवटची भाकरी आणि तिचं जेवण यांच्यामध्ये कामांची रांग होती. चुलीला पाणी, मग ओटा, मग परात, मग माणसांना वाढणं, मग त्यांची ताटं उचलणं. ते सगळं उरकून ती बसायची तेव्हा यशवंत खाटेवर घोरत असायचा. आज रांगेतलं पहिलंच काम अडकलं होतं, आणि ते झाल्याशिवाय पुढचं करायचं तिच्या हातांना माहीत नव्हतं. तिनं काचेकडं बघितलं. काच कुठंतरी आत बारीक आवाज करत होती, निवत होती, तिला घाई नव्हती.

मुक्ताबाईनं ताट घेतलं. त्यात भाकरी, वांग्याचं कालवण, शेंगांची चटणी, दही वाढून ते दाराशीच खाली बसलेल्या यशवंतपुढं ठेवलं. मग ती थांबली. मग फळीवरनं आणखी एक ताट काढलं, त्यात वाढलं, आणि त्याच्यासमोर पाय दुमडून खाली बसली.

यशवंतला कुठं बघावं ते कळेना. ती भाकरीची कड आधी मोडत होती, गोल फिरत, सगळी कड संपेपर्यंत मधल्या भागाला हात लावत नव्हती. वाफ निघाली तेव्हा तिनं डोळे मिटले. चटणी ती भाकरीला लावत नव्हती, बोटानं उचलून आधी जिभेवर ठेवत होती आणि मग वरनं घास घेत होती. घास चावताना तिच्या कपाळावरची एक शीर हलत होती. तिला भाकरीचा पापुद्रा आवडत होता. तो तिनं सोलून वेगळा ठेवला होता, शेवटी खायला, लहान पोरं ठेवतात तसा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तोंडाकडं काय बघताय," ती म्हणाली. "जेवा की. गार हुईल."

"तू गरम भाकरी कधी खाल्ली होतीस?" त्यानं विचारलं.

मुक्ताबाई चावायची थांबली आणि तिनं मनापासून आठवून बघितलं. "माझ्या आईकडं," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. तिचा हात कालवणात होता, म्हणून यशवंतनं तो उचलून तिच्या कानाशी धरला. पलीकडं बिभीषण होता. जय भीम म्हणाला आणि अक्का कुठल्या गाडीनं येतेय, फाट्यावर मोटारसायकल घेऊन कधी उभा राहू, ते विचारू लागला. मुक्ताबाईनं तोंडातला घास सावकाश, पुरता चावला. पाण्याचा घोट घेतला. मान वळवून ओट्याकडं बघितलं.

"आज न्हाय यायची मी," ती भावाला म्हणाली. "उद्या बी न्हाय. हितं भाकऱ्या असत्यात रोज." पलीकडनं तो काहीतरी विचारत होता, आवाज बाहेरपर्यंत येत होता, पण तिनं त्याला पुरं बोलू दिलं नाही. बाजूला ठेवलेला पापुद्रा तिनं उचलला होता.

"ठेव आता, बिभीषणा. जेवतीय मी."